थेंब वाचवला, मग पाणी गेलं कुठं?

तापीकाठ (रावेर)

मंडळी, राम राम.

मागच्या गुरुवारी मळ्यातल्या ट्यूबवेलची मोटर जळाली म्हणून वर काढली. पाईप ओढायचा घोडा उभा केला, चेनकप्पी लावली आणि पाईप एकेक करून सोडवून बांधावर मांडत गेलो. दहा फुटी पाईप. पुतण्या मोजत होता. बेचाळीस भरले. वरचे पस्तीस-छत्तीस पाईप बाहेरून कोरडे, तांबडा गंज धरलेले. खालचे पाच-सहा तेवढे ओले, काळपट, हाताला थंड लागणारे. मोटर चारशे वीस फुटांवर आणि पाणी जेमतेम शेवटच्या साठ फुटांत. बांध संपला तरी पाईप संपेनात, म्हणून उरलेले रस्त्यावर आडवे टाकले.

त्याच बांधाच्या टोकाला आजोबांची विहीर आहे. साठ फूट खोल, दगडी बांधणीची. मोटेचं थारोळं अजून शाबूत आहे. वडील सांगतात, त्यांच्या लहानपणी वैशाखातही तीस फुटांवर पाणी दिसायचं. आता त्या विहिरीत पिंपळ उगवलाय आणि त्याचा शेंडा काठाच्या वर आलाय.

मला नेमकं जे विचारायचंय ते आता लिहितो. नव्वदच्या दशकात आमच्याकडे ठिबक आलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता सुटलो. खोटं नव्हतं ते. पाच बाय पाच फुटांवर एकरी केळीची १७४२ झाडं बसतात. उन्हाळ्यात ठिबकनं झाडाला दिवसाला वीस लिटर धरलं तर एकरी पस्तीस हजार लिटर. पाटानं दिलं तर दुप्पट सहज लागायचं. म्हणजे पाणी निम्म्यानं वाचलं. वडिलांनी काय केलं? वाचलेल्या पाण्यावर केळी वाढवली. चार एकराची नऊ एकर झाली. शेजाऱ्यांनी तेच केलं, आणि त्यात कुणाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच पैशावर माझं शिक्षण झालं, बहिणीचं लग्न झालं, घरावर स्लॅब पडला. पण हिशेब बघा. चार एकर पाटाचं पाणी दिवसाला पावणेतीन-तीन लाख लिटर. नऊ एकर ठिबकचं तीन लाखांच्या वर. झाडामागे पाणी निम्मं झालं आणि मळ्याचा एकूण उपसा वाढला!

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पाटाचं पाणी सगळं वाया जात नव्हतं. मुळांखाली जिरणारा हिस्सा परत जमिनीच्या पोटात जायचा. ठिबकमध्ये तो जवळपास बंद होतो. म्हणजे काढतो तेवढं बाहेरच जातं.

पुतण्या पुण्यात शिकतो. तो म्हणाला, काका, हे १८६५ साली एका इंग्रज माणसानं कोळशाबद्दल लिहून ठेवलंय. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स. वाफेचं इंजिन कमी कोळशात जास्त काम करायला लागलं, तेव्हा कोळसा वाचायला हवा होता. झालं उलट. इंजिन चालवणं स्वस्त पडलं म्हणून ती गल्लोगल्ली लागली आणि कोळशाचा खप वाढतच गेला.

तेव्हापासून झोप नीट लागत नाही. देश दरसाल सात टक्क्यांनी वाढावा असं सगळे म्हणतात. सात टक्के म्हणजे सुमारे दहा वर्षांत दुप्पट, शंभर वर्षांत आठ-नऊशेपट. तंत्रज्ञान सुधारेल, कमी मालात जास्त काम होईल, म्हणून चिंता नको, असं सांगतात. आमच्या मळ्यात तंत्रज्ञान सुधारलं ना! तरी बेचाळीस पाईप. मग सगळ्या पृथ्वीचं वेगळं कसं होईल? ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी कृपया समजावून सांगा.

अर्थवेध (मूळ अमळनेर, सध्या पुणे)

तापीकाठ दादा, तुमचं लिखाण दोनदा वाचलं. मी अर्थशास्त्र शिकवतो आणि तुमच्या निष्कर्षाशी सहमत नाही, पण प्रश्न अगदी बरोबर जागी ठेवलाय तुम्ही.

संसाधनं संपणार ही भीती जुनी आहे. १७९८ मध्ये माल्थस या इंग्रज विचारवंतानं सांगितलं की लोकसंख्या अन्नाच्या पुढे पळेल. त्याच्या हिशेबात हवेतला नायट्रोजन नव्हता. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर या रसायनशास्त्रज्ञानं हवेतून अमोनिया काढून दाखवला, १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला कारखाना सुरू झाला आणि आज जगातल्या कितीतरी लोकांच्या ताटातलं अन्न त्यातून बनणाऱ्या युरिया खतावर पिकतं. १९८० मध्ये ज्युलियन सायमन या अर्थतज्ज्ञानं पॉल एरलिक या जीवशास्त्रज्ञाशी पैज लावली. तांबं, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन. दहा वर्षांत महागाई वजा करून यांचे भाव चढले तर सायमननं पैसे द्यायचे, उतरले तर एरलिकनं. १९९० ला पाचही धातू उतरलेले होते आणि एरलिकनं ५७६ डॉलर ७ सेंटचा चेक पाठवून दिला. भाव चढला की माणूस पर्याय शोधतो. तांब्याच्या तारेच्या जागी काचेचा तंतू येतो.

दुसरं, जीडीपी म्हणजे पैशात मोजलेलं उत्पादन, टन नव्हे. आमच्या अमळनेरचं उदाहरण घ्या. १९४५ मध्ये तिथं वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. भुईमुगाचं तेल, साबण, डबे. तीच कंपनी पुढे विप्रो झाली आणि आज तिची बहुतेक कमाई संगणकाच्या कामातून येते. त्या कमाईइतकं तेल गाळायचं म्हटलं असतं तर सगळ्या खानदेशात भुईमूग पेरूनही भागलं नसतं. वाढ झाली ती वेगळ्या रस्त्यानं. ब्रिटनची अर्थव्यवस्था १९९० नंतर दीडपटीहून जास्त झाली आणि देशाच्या हद्दीतलं कार्बन उत्सर्जन जवळपास निम्म्यावर आलं. म्हणजे दोन्ही एकदम होऊ शकतं.

तुमच्या मळ्यात गडबड वाढीची नाही, किमतीची आहे. जमिनीखालच्या पाण्याला दर नाही. शेतीच्या विजेला जवळपास नाही. फुकट गोष्ट कुणीही जपून वापरत नाही. पाण्याची खरी किंमत लावली तर ठिबकनं वाचलेलं पाणी वाचलेलंच राहील.

केळीबाग_ताई (यावल)

अर्थवेध सर, पर्यायाचं म्हणता ते धातूंना ठीक. केळीला पालाश (पोटॅश) लागतं, त्याला पर्याय काय? नत्र (नायट्रोजन) हवेतून काढता येतं, पालाश येत नाही. ते खाणीतूनच काढावं लागतं आणि आपल्या देशात त्याची चालू खाण नाही. कॅनडा, रशिया, बेलारूस, इस्रायल, जॉर्डन, तिकडून बोटीनं येतं. रशिया-युक्रेनचं सुरू झालं त्या वर्षी, २०२२ ला, पोटॅशची गोणी सतराशेवर गेली. आधी हजाराच्या आसपास मिळायची. कुठल्या तरी लांबच्या देशात लढाई आणि माझ्या बागेत घड हलके!

मी एक हिशेब केलाय. केळीच्या शंभर ग्रॅम गरात साडेतीनशे मिलिग्रॅम पालाश असतं, सालीत त्याहून जास्त. सावद्याहून दिल्लीकडे सोळा टनांची गाडी भरली की तिच्यात पन्नास किलोच्या वर शुद्ध पालाश खानदेशातून निघून गेलं. ते परत येत नाही. दिल्लीच्या गटारातून यमुनेत जातं. आधी खोड-पानं शेतातच कुजवायचो, त्यातलं बरंचसं जमिनीला परत मिळायचं. आता तेही बांधावर पेटवतात, कारण पुढच्या लागवडीची घाई. टिश्यूकल्चरची बाग अकरा-बारा महिन्यांत निघते, जुन्या कंदाच्या बागेला सतरा-अठरा लागायचे. जमिनीला दम घ्यायला वेळच नाही.

आमचं गाव फैजपूरच्या जवळ. १९३६ ला इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यातलं पहिलं. अध्यक्ष नेहरू. गांधीजींनी ग्रामोद्योगाच्या प्रदर्शनाचं उद्घाटन केलं. माझी आजेसासू लहानपणी ते बघायला गेली होती आणि मरेपर्यंत सांगायची की बांबूच्या कमानी कशा होत्या, नंदलाल बोसांनी सगळं नगर बांबू-चटयांनी कसं सजवलं होतं. ग्रामोद्योगाचं काम बघणारे जे. सी. कुमारप्पा यांनी पुढे स्थायी अर्थव्यवस्थेची मांडणी केली. त्यात त्यांनी दोन प्रकार सांगितलेत. एक साठ्यावर जगणारी अर्थव्यवस्था: कोळसा, तेल, खनिज. दुसरी प्रवाहावर जगणारी: पाऊस, ऊन, झाड, बैल. साठा काढला की संपतो आणि त्याच्यासाठी भांडणं होतात. प्रवाह दरसाल येतो, पण येतो तेवढाच येतो. मला हे वाचून आमची ट्यूबवेल आठवली. पावसाचा प्रवाह सोडून आम्ही साठ्यावर आलो आणि त्यालाच प्रगती म्हणत राहिलो.

सूर्यकिरण (नंदुरबार)

मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. फक्त एक मुद्दा.

अर्थवेध सर म्हणतात की वाढ टनांत मोजायची नाही. बरं, पण ऊर्जा तर लागेल. जगाचा ऊर्जावापर वर्षाला २.३ टक्क्यांनी वाढत राहिला तर शंभर वर्षांत दहापट होतो. कॅलिफोर्नियात शिकवलेले टॉम मर्फी नावाचे भौतिकशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी हे पुढे नेऊन दाखवलं. ऊर्जा कुठूनही आणा, वापरल्यावर तिची उष्णताच होते. या वेगानं चारशे वर्षांत पृथ्वीचा पृष्ठभाग पाणी उकळेल इतका तापतो, आणि यात हरितगृह वायूंचा परिणाम धरलेलाच नाही. चारशे वर्षं म्हणजे शिवाजी महाराजांपासून आजपर्यंतचा काळ. म्हणजे ऊर्जेची वाढ कधीतरी थांबणारच. आपण ठरवून थांबवायची की अंगावर येऊन थांबेल, एवढंच बाकी आहे.

साक्रीकडच्या ब्राह्मणवेलच्या पठारावर वर्गाची सहल नेतो. पवनचक्क्या बघून पोरांचे डोळे मोठे होतात. मलाही त्यांचा अभिमान वाटतो. दीपनगरच्या कोळशाच्या वीजकेंद्राच्या राखेपेक्षा हे शंभरपट बरं. पण एका पात्याखाली उभं राहून पोरांना विचारतो, यातलं तांबं, लोखंड, सिमेंट कुठून आलं? पवनचक्की प्रवाहावर चालते, बनते मात्र साठ्यातून.

अक्राणी

मी धडगाव, म्हणजे अक्राणी तालुक्यातला. वाढ थांबवायची म्हणजे कुणाची, हे आधी सांगा.

आमच्या पाड्यावरची माणसं दिवाळी झाली की गुजरातेत उसतोडीला जातात. लहान पोरांना बरोबर नेतात, शाळा तिथंच सुटते. भारतात माणशी पोलाद वर्षाला शंभर किलोच्या आसपास वापरलं जातं, जगाची सरासरी त्याच्या दुप्पट. आणि भारताची ही सरासरी काढताना आमचा पाडा आणि मुंबईचा टॉवर एकाच पोत्यात भरलेला असतो. आमच्याकडे फरशी पुलाचं लोखंड यायचंय अजून. बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून डोंगर उतरवतात. आम्हाला वाढ पाहिजे. रस्ता पाहिजे, दवाखाना पाहिजे, वीज पाहिजे.

वाढीची किंमत कोण देतो तेही लिहून ठेवा. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणीची. वीज आणि पाणी कुठं गेलं हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या मामाचं घर त्या पाण्याखाली आहे. त्यांना मिळालेल्या जमिनीत मोह नाही, चारोळी नाही, नदी नाही.

म्हणून मला मर्यादा हा शब्द ऐकला की धास्ती वाटते. मर्यादा आली की ती पहिल्यांदा आमच्यावरच येते.

तापीकाठ (रावेर)

अक्राणी भाऊ, तुमचं मनाला लागलं. मी लिहिताना माझ्या नऊ एकरांचाच विचार केला होता. ज्याच्याकडे चारशे फुटांची बोअर आहे त्यानं मर्यादेबद्दल बोलावं आणि ज्याच्या अंगणात नळ नाही त्यानं ऐकावं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. उलट, आमच्यासारख्यांनी हात आखडता घेतला तरच तुमच्या वाट्याला काही उरेल.

अर्थवेध सर, ब्रिटनबद्दल एक विचारू? तिथले पोलादाचे, कपड्याचे कारखाने बंद झाले आणि तो माल बाहेरून येऊ लागला. मग धूर दुसऱ्याच्या अंगणात गेला, असं नाही का? आमच्या गावचा एक जण म्हणतो की माझ्याकडे आता पाण्याचा त्रास नाही. त्यानं केळी सोडली आणि टँकर मागवतो.

अर्थवेध (मूळ अमळनेर, सध्या पुणे)

विचार करून उत्तर देतोय, म्हणून दोन दिवस लागले.

ब्रिटनबद्दल तुमचा आक्षेप निम्मा खरा आहे. आयात मालातलं उत्सर्जन धरलं तरी घट दिसते, पण बरीच कमी दिसते. आणि सगळ्या जगाचा हिशेब केला तर माझी बाजू लंगडी पडते, हे मान्य करतो. १९७० मध्ये जगानं पृथ्वीतून सुमारे ३० अब्ज टन माल काढला: खनिज, वाळू, इंधन, पीक, लाकूड सगळं मिळून. आता तो आकडा १०० अब्ज टनांच्या वर आहे. दर रुपयामागे माल कमी लागतो हे खरं, एकूण माल मात्र वाढतच गेला. तुमच्या मळ्यासारखंच. सायमनच्या पैजेबद्दलही प्रामाणिकपणे सांगायला हवं की ते दशकच त्याच्या बाजूचं होतं. विसाव्या शतकातल्या दुसऱ्या बऱ्याच दशकांत पैज लागली असती तर एरलिक जिंकला असता.

तरी एक गोष्ट सोडत नाही. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या डोनेला मेडोज आणि सहकाऱ्यांनी क्लब ऑफ रोम या अभ्यासगटासाठी वाढीच्या मर्यादांचा जो अभ्यास केला, त्याला लोक "जग बुडणार" असं भाकीत समजतात. त्यांनी संगणकावर अनेक वाटा चालून बघितल्या होत्या. काही वाटांवर एकविसाव्या शतकात कोसळणं होतं, काहींवर सगळं सावरत होतं. सावरणाऱ्या वाटांवर माणसं गरीब झालेली नव्हती. त्यांनी वेळेवर एकूण वापराला लगाम घातला होता. म्हणून माझा प्रश्न हा की लगाम कोण घालणार? किंमत, सरकार की गाव? मी आजवर किंमत म्हणत आलो. अक्राणी यांचं वाचल्यावर ते तितकं सोपं वाटत नाही. पाण्याला दर लावला तर आधी लहान शेतकरी बाहेर पडेल, दहा बोअरवाला टिकेल.

पांझराकाठ (धुळे)

कोण घालणार, असं विचारलंत म्हणून लिहितो. मी पाटबंधारे खात्यात तीस वर्षं होतो. आमच्या घरात तीन पिढ्या पाटकऱ्याचं काम होतं, म्हणून नोकरीच्या आधीपासून हे पाणी ओळखीचं.

पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवर फड पद्धत तीन-चारशे वर्षं चालली. नदीत दगडी बंधारा. त्यातून पाट निघतो. पाटाखालची सगळी जमीन फडांत विभागलेली, बहुतेक गावी चार फड. एका फडात एकच पीक. यंदा या फडात ऊस, त्या फडात गहू, तिसऱ्यात ज्वारी-बाजरी, चौथा पडीक किंवा पावसावर. पुढच्या साली फड बदलणार. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन प्रत्येक फडात थोडी-थोडी. म्हणजे ऊस आला तर सगळ्यांना आला, पडीक राहिला तर सगळ्यांचा राहिला. पाटातलं जास्तीचं पाणी सांडमातून परत नदीला. पाटकरी पाणी द्यायचा, जागल्या पीक राखायचा, त्यांना धान्यात वाटा मिळायचा.

दुष्काळी साली पंच बसून ठरवायचे की यंदा दोनच फड भिजवायचे. मना आजा म्हने, पानी कमी ते सगळासले कमी. त्या एका वाक्यावर गाव चालायचं. बंधाऱ्याच्या जवळ जमीन असलेल्याला जास्त आणि शेपटाच्या माणसाला कमी, असं नव्हतं.

लोक म्हणतील, हे मागासलेलं होतं, वाढ नव्हती. मी लहानपणी बघितलंय. पाण्याची, जमिनीची वाढ नव्हती हे खरं, बंधारा जेवढं देईल तेवढंच. पण त्याच गावांत गुऱ्हाळं होती, कुस्तीचे फड होते, भजनी मंडळं होती, शाळेला गावानं जागा दिली होती.  

मोडलं कशानं? वर धरणं झाली, नदीचं वाहणं कमी झालं, हे एक. त्याहून मोठं म्हणजे विहिरीवर इंजिन आलं, मग मोटर आली. ज्याची स्वतःची मोटर त्याला पंचांची गरज उरली नाही. पाटाचं पाणी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाहतं. कुणी रात्री पाट फोडला तर सकाळी चिखल दिसतो. जमिनीखालचं कुणाला दिसत नाही. तापीकाठ, तुमची बोअर आणि शेजाऱ्याची बोअर एकाच पाटावर आहेत. फक्त तो पाट चारशे फूट खाली आहे.

भूगर्भ (जळगाव)

पांझराकाठ आप्पांचं शेवटचं वाक्य भूशास्त्राच्या दृष्टीनं अगदी बरोबर आहे, म्हणून राहवलं नाही.

रावेर, यावल, चोपडा हा तापीच्या गाळाचा पट्टा. शेकडो फूट वाळू, रेती, चिकणमाती. खानदेशात बाकी बहुतेक ठिकाणी काळा पाषाण, त्यात पाणी मुरायला जागाच कमी. म्हणून या पट्ट्यात केळी झाली. सातपुड्याच्या पायथ्याला मोठ्या गोट्यांचा थर आहे, त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून उतरलेले ओढे तिथं गडप होतात, तेच पाणी खाली सरकत तुमच्या बोअरला येतं. तापीच्या महापुनर्भरण योजनेमागची कल्पना हीच. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशचा करार झाला, सुमारे ३१ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वापरायचं आणि त्यातून हा थर भरायचा. मला ही योजना व्हावी असं मनापासून वाटतं. शिरपूरला नाले खोल-रुंद करून बंधारे बांधले, त्यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण पाणी अडवलं तर विहिरींना फरक पडतो हे तिथल्या लोकांनी बघितलंय.

पण सगळ्यांनी एक लक्षात ठेवा. पुनर्भरणानं भांडं भरतं, भांडं मोठं होत नाही. भरलेलं दिसलं की लागवड वाढली तर पुन्हा बेचाळीस पाईप, फक्त दहा-वीस वर्षं उशिरानं. ठिबकनं जे झालं तेच पुनर्भरणानं होईल. जगात उपसल्या जाणाऱ्या भूजलातला चौथा हिस्सा एकटा भारत उपसतो. कायदा आहे आपल्याकडे, २००९ चा. ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर त्यात निर्बंध आहेत. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. तुमच्या गावात दोनशे फुटांच्या आतली किती बोअर चालू आहेत?

तापीकाठ (रावेर)

एकही नाही.

केळीबाग_ताई (यावल)

आमच्याकडेही नाही. कायदा कागदावर, आणि मी एकटीनं दोन एकर काढून टाकली तर माझं पाणी शेजारी ओढून घेईल. हे बोलायला वाईट वाटतं पण खरं आहे. हिवरे बाजारनं ऊस-केळीला बंदी केली, शेतीसाठी बोअर बंद केल्या, दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. पण तिथं सगळं गाव एका ताटात जेवलं. आमच्याकडे केळी काढा म्हणणं म्हणजे काळीज काढा म्हणण्यासारखं आहे.

अक्राणी

ताई, साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघून या. चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली ते गाव. उजाड डोंगर होता. गावानं कुऱ्हाडबंदी केली, कुणी तोडली तर दंड ठरवला, राखण लावली. आता चारशे हेक्टरच्या वर जंगल उभं आहे, विहिरींना पाणी आहे, बाहेर मजुरीला जाणं कमी झालंय, रानभाज्यांचा महोत्सव भरतो. तिथं वाढ झाली आणि वाढीच्या आधी बंदी झाली. बंदी त्यांची त्यांनी ठरवली, वरून कुणी घातली नाही, म्हणून ती टिकली. अशा मर्यादेला माझा विरोध नाही.

अर्थवेध (मूळ अमळनेर, सध्या पुणे)

अक्राणी यांनी जे सांगितलं त्यावरच एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सामाईक पाणी, कुरण, जंगल माणसं स्वतः नियम करून शेकडो वर्षं सांभाळू शकतात, हे त्यांनी जगभरची गावं बघून दाखवलं. मी दरवर्षी हे शिकवतो आणि उदाहरण स्वित्झर्लंडच्या कुरणांचं देतो. पांझरेचे फड माझ्या गावापासून एवढ्या जवळ, आणि वर्गात एकदाही सांगितले नाहीत. पुढच्या सत्रात सांगेन. आप्पा, तुम्हाला चालणार असेल तर मुलांना घेऊन येतो.

तापीकाठ दादा, माझी दुरुस्ती लिहून ठेवतो. वाढ चालू राहू शकते असं मी अजून म्हणतो: शिकण्याची, आरोग्याची, कारागिरीची, अक्राणीच्या रस्त्याची. पण ती एका ठरलेल्या भांड्याच्या आत. भांडं ठरवल्याशिवाय काटकसर उपयोगाची नाही, हे मला तुमच्या पाईपांनी शिकवलं.

पांझराकाठ (धुळे)

या, जरूर या. सांडम दाखवतो, अजून उभा आहे.

तापीकाठ, फडाचं पहिलं काम मोजणी होतं. पंच बसायच्या आधी पाटकरी बंधाऱ्यावर जाऊन पाण्याची खूण बघून यायचा. तुमच्याकडे ती खूणच नाही. आधी खूण करा.

तापीकाठ (रावेर)

आप्पा, तुमचं ऐकून कामाला लागलो. उशीर झाला लिहायला.

आमच्या शिवारात एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकोणीस बोअर आहेत. पुतण्यानं दोन बारीक तारा एकत्र गुंडाळल्या, दर पाच फुटांवर रंगीत चिकटपट्टी लावली, खाली शिशाचं वजन बांधलं. तार सोडत जायची, टोक पाण्याला टेकलं की मल्टीमीटरवर आकडा हलतो. मोटर रात्रभर बंद ठेवून पहाटे मोजायचं. पहिल्या दिवशी दोघेच आले. लोकांना वाटलं सरकारी मोजणी आहे, मीटर बसवतील. तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या काकांनी स्वतःहून हाक मारली, आमची पण बघा रे पोरांनो.

अकरा बोअर मोजून झाल्या. सगळ्यात वरचं पाणी तीनशे दहा फुटांवर, सगळ्यात खालचं तीनशे ऐंशीवर. आकडे मंदिराच्या भिंतीवर चुन्यानं पट्टा मारून त्यावर लिहिले. नाव नाही लिहिलं, गट नंबर लिहिला. संध्याकाळी माणसं तिथं थांबून आपापला नंबर शोधायला लागली. माझ्यापेक्षा शेजाऱ्याचं पाणी चाळीस फूट वर आहे हे त्याला आणि मला पहिल्यांदा कळलं. तीस वर्षं बांधाला बांध लावून आहोत.

मृगबागेच्या (जूनमधल्या केळी लागवडीच्या) रोपांचं बुकिंग सुरू आहे. मी नऊ एकरांतलं तीन एकरांचं रद्द केलं. तिथं तूर आणि ज्वारी टाकतो. घरात बोलणं झालं, सोपं नव्हतं. बायको म्हणाली की पोरीच्या फीचं वर्ष आहे, पण मग तीच म्हणाली की बोअर आटली तर नऊच्या नऊ जातील. आणखी दोघांनी एकेक एकर कमी केलं. चौघांनी सरळ नाही म्हणून सांगितलं, त्यातला एक तर यंदा वाढवतोय. त्याच्याशी भांडलो नाही. त्याची बोअर अजून मोजायची राहिली आहे, त्यानं ये म्हटलंय.

पुढची मोजणी आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आदल्या पहाटे. तेव्हा लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, गाव भरलेलं असतं. भिंतीवर दुसरा रकाना आखून ठेवलाय. केळीबाग ताई, तार हवी असेल तर पुतण्या एक जास्तीची करून देतो म्हणालाय, पाचशे फुटांची.